मुळा-मुठेचा महाशीर

पुण्याच्या संगमावर मुळा आणि मुठा या दोन नद्या एक होतात आणि मुळा-मुठा या जोडनांवानें पूर्वेकडे भीमेच्या भेटीस निघतात. त्या पाण्याकडे आज कोणी कौतुकानें पाहत असेल असें वाटत नाहीं. शहराचें सांडपाणी पोटांत घेऊन ती नदी वाहते, आणि पुलावरून जाणारा मनुष्य खालीं न पाहतांच पाऊल उचलतो. तरीहि प्राणिशास्त्राच्या जगांत या पाण्याला एक मान आहे. १८३९ मध्यें लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळाच्या कार्यवृत्तांत दख्खनमधील कांहीं माशांचीं वर्णनें छापून आलीं. त्यांतील एक मासा कोठें सांपडला याचें उत्तर तेथें असें दिलेलें आहे : पुण्याच्या पूर्वेकडील 'मोटा मोला' नदींत. ही 'मोटा मोला' म्हणजे दुसरीतिसरी कोणी नसून आपली मुळा-मुठाच होय. इंग्रजी कानांनीं ऐकलें आणि इंग्रजी लेखणीनें लिहिलें, म्हणून तिचें असें रूपांतर झालें. त्या माशाचें नांव 'खुद्री'. आज त्याला दख्खनचा महाशीर म्हणतात, आणि शास्त्राच्या भाषेंत 'टोर खुद्री'.

या शास्त्रांत असा दंडक आहे कीं, एखाद्या जातीचें पहिलें वर्णन ज्या ठिकाणच्या प्राण्यावरून झालें, तें ठिकाण त्या जातीचें मूलस्थान म्हणून कायमचें नोंदलें जातें. पुढें कोठेंहि त्या जातीविषयीं शंका निघाली, तर वादी आणि प्रतिवादी या दोघांनाहि त्या मूळ गांवीं परत यावें लागतें. म्हणून सिंधूपासून कावेरीपर्यंत महाशीरांचीं कितीहि कुळें असलीं, तरी त्यांतील एका कुळाचा जन्मदाखला पुण्याच्या नांवाचा आहे. माणसानें या माशाला कसकसें ओळखलें, आणि त्या ओळखण्यांत जी एक उणीव राहिली तिची किंमत पुण्यापासून फार दूरच्या दुसऱ्या एका नदीनें कशी मोजली, ती हकीकत आज मला आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम माशाचीच ओळख करून घेऊं. महाशीर हा रोहू, कटला यांच्याच कुळांतला, म्हणजे कार्प जातीचा मासा. परंतु एका घरांतल्या दोघां भावांचे स्वभाव भिन्न असावे, तसा येथें प्रकार आहे. रोहूला मैदानांतलें संथ व गढूळ पाणी मानवतें. महाशीराला खडकाळ पात्रांतून खळाळत येणारें, थंड आणि स्वच्छ पाणी लागतें. त्याचें अंग लांबट व भरलेलें, ओठ जाड, ओठांशीं मिशांच्या दोन जोड्या, आणि खवले इतके मोठे कीं पूर्ण वाढलेल्या माशाचा एकेक खवला तळहाताच्या मापाचा भरावा. जबड्यांत दांत नाहींत. जे आहेत ते घशांत, आणि ते असे बळकट कीं शिंपल्याचें कवच त्यांखालीं सहज फुटतें. खेकडे, गोगलगाई, पाणकिडे आणि लहान मासे यांबरोबरच कांठच्या झाडांवरून पाण्यांत पडणारीं उंबरें व जांभळेंहि तो आवडीनें खातो. नदीच्या कांठचीं झाडें तोडलीं म्हणजे पाण्यांतील माशाच्या ताटांतलें कांहीं कमी होतें, हें आपल्या लक्षांतहि येत नाहीं.

याचा खरा पराक्रम दिसतो तो पावसाळ्यांत. नदीला पूर येऊं लागला कीं हा मासा प्रवाहाच्या उलट दिशेस चढूं लागतो. धारांवरून उसळ्या घेत, खडकाआड क्षणभर विसांवा घेत तो उगमाकडील लहान ओढ्यांपर्यंत जातो, आणि तेथें गोट्यावाळूच्या उथळ तळावर मादी अंडीं घालते. रोहूची मादी एका वेळीं लाखोंनीं अंडीं देते. महाशीराचीं अंडीं त्या मानानें बरींच थोडीं, आणि तींहि एकदम न घालतां हप्त्याहप्त्यानें घातलेलीं असतात. अंडीं थोडीं, वाढ सावकाश आणि प्रवास लांबचा, असें याचें जीवन आहे. वाटेंत कोठें अडथळा आला तर तो सोसण्याची शक्ति या माशांत फारशी नाहीं. पुढील सर्व हकीकतीचें मूळ या एका गोष्टींत आहे, म्हणून ती ध्यानांत ठेवावी.

महाशीर या नांवाविषयीं पंडितांचें एकमत नाहीं. कोणी त्याची फोड 'महा-शीर', म्हणजे मोठ्या डोक्याचा, अशी करतात. कोणी म्हणतात, हा 'महाशल्क', म्हणजे मोठ्या खवल्यांचा. तर कोणाच्या मतें हें फारशी 'माही' आणि 'शेर' यांचें मिश्रण असून त्याचा अर्थ माशांतला वाघ. अर्थ कोणताहि घेतला, तरी ज्यानें हें नांव ठेवलें त्यानें माशाकडे आदरानें पाहिलें होतें एवढें खरें.

हा आदर आपल्याकडे जुना आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत, ११३० च्या सुमारास, 'मानसोल्लास' किंवा 'अभिलषितार्थचिंतामणि' या नांवाचा एक प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठी वाचकांना हा ग्रंथ एका निराळ्या कारणानें परिचित आहे. मराठी गीतरचनेचे अगदीं जुने नमुने त्यांत आढळतात. परंतु राजाच्या करमणुकींचें वर्णन करतांना सोमेश्वरानें त्यांत 'मत्स्यविनोद' या नांवाचें एक प्रकरण घातलें आहे, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. गळानें मासे कसे धरावे, दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, कोणत्या माशाला कोणतें आमिष प्रिय, त्याला एका जागीं येण्याची संवय कशी लावावी, हें सर्व त्यांत क्रमवार सांगितलेलें आहे; आणि माशांच्या तीसांहून अधिक जाति नांवानिशीं दिल्या आहेत. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ मध्यें या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हां विद्वानांचें लक्ष त्याकडे वेधलें. जवळजवळ नऊशें वर्षांपूर्वींचा एक दख्खनी राजा नदीच्या कांठीं बसून कोणता मासा खडकांत राहतो आणि कोणता चिखलांत, याचा विचार करीत होता, ही गोष्ट लहान नव्हे. शिकारीच्या निमित्तानें कां होईना, तेथें निरीक्षण होतें.

दुसरा आदर देवळांचा. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना अशा कित्येक नद्या आहेत कीं ज्यांच्या एखाद्या डोहांत मासा मारावयाचा नाहीं असा निर्बंध लोकांनीं आपण होऊन पाळला आहे. पालघर जिल्ह्यांत वाडें तालुक्यांत वैतरणेच्या कांठीं तिळसेश्वराचें स्थान आहे. रायगड जिल्ह्यांत महाडच्या बाजूस काळ नदीवर वाळणकोंड आहे. कर्नाटकांत तुंगेच्या तीरावर शृंगेरी आहे. या ठिकाणीं घाटावर उभें राहून मूठभर चुरमुरे टाकले कीं पाणी एकाएकीं काळें होतें, आणि हात हात लांबीचे महाशीर अंगाला अंग घांसत वर येतात. डोहाच्या वर कांहीं अंतरावर, किंवा खालीं कांहीं अंतरावर, त्याच माशाला जाळें लागलें तर कोणी हरकत घेत नाहीं. परंतु देवाच्या हद्दींत तो देवाचा. भाविकांना जातिभेदाचें शास्त्र ठाऊक नव्हतें. तरी त्यांनीं केलेल्या व्यवस्थेंत एक शहाणपण होतें : त्यांनीं माशाबरोबर त्याची जागाहि राखली. डोह सोडून मासा दुसरीकडे नेऊन पाळावा असें त्यांच्या मनांत कधीं आलें नाहीं. हें संरक्षण अभेद्य होतें असेंहि नाहीं. दक्षिण कन्नड जिल्ह्यांत कपिला नदीवरील शिशिल येथें १९९६ मध्यें कोणीं पाण्यांत विष घातलें, आणि देवळापुढील मासे हजारांनीं मेले. लोकांनीं तेथें त्या माशांचें स्मारक उभारलें आहे.

आतां पुन्हां पुण्याकडे वळूं. १८१८ मध्यें पेशवाई संपली, आणि नव्या सत्तेला आपण काय मिळविलें आहे हें जाणण्याची इच्छा झाली. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीं १८२४ मध्यें दख्खनची सांख्यिक माहिती गोळा करण्याचें काम विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यावर सोंपविलें. हा मनुष्य खडकी आणि पुणें येथील लढायांत कंपनीच्या बाजूनें लढलेला. ज्या मुलुखांत तलवार घेऊन आला, त्याच मुलुखांत पुढें तो वही घेऊन हिंडला. गांवें, पिकें, वजनें-मापें, पाऊस, लोकसंख्या यांची मोजदाद करतां करतां त्यानें पशु, पक्षी आणि मासे यांचीहि टांचणें व चित्रें केलीं. १८३१ मध्यें तो स्वदेशीं परतला. पुढें ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्षहि झाला. त्याच्या राजकारणाविषयीं आपलें मत काय असावयाचें तें असो. एका बाबतींत मात्र त्याचे आभार मानले पाहिजेत. माशांना नांवें देतांना त्यानें लॅटिन कोश उघडण्यापूर्वीं कांठावरच्या मराठी लोकांना विचारलें. त्यांनीं 'खुद्री' म्हटलें, त्यानें 'खुद्री' लिहिलें. घोड नदीच्या दुसऱ्या एका माशाला 'मुसुल्ला' म्हणतात असें कळलें, तेंहि त्यानें तसेंच ठेविलें. म्हणून आज जगांतला कोणताहि मत्स्यशास्त्रज्ञ दख्खनच्या महाशीराचें नांव घेतो, तेव्हां त्याच्या तोंडून दोनशें वर्षांपूर्वींच्या कोण्या अनाम मराठी मनुष्याचा शब्द उमटतो.

साइक्सच्या आधीं, १८२२ मध्यें, फ्रान्सिस हॅमिल्टन यानें गंगेच्या खोऱ्यांतील माशांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यांत 'टोर' आणि 'पुतितोर' हीं नांवें आलीं होतीं. तींहि तिकडील लोकांच्या तोंडचीं. अशा रीतीनें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत उत्तरेचे आणि दख्खनचे महाशीर शास्त्राच्या वहींत दाखल झाले. कावेरीचा महाशीर मात्र, सर्वांत प्रचंड असूनहि, स्वतःचें नांव घेऊन त्या वहींत आला नाहीं. ही रिकामी राहिलेली ओळ आपण विसरूं नये.

यानंतरचें युग गळ टाकणाऱ्या साहेबांचें. मद्रासच्या मुलकी खात्यांतील हेन्री सलिव्हन थॉमस या अधिकाऱ्यानें १८७३ मध्यें 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक लिहिलें, आणि इंग्लंडांतील सामन माशाच्या शिकारीपेक्षां महाशीराची झुंज कमी नाहीं, उलट अधिकच आहे, असा पक्ष त्यानें मांडला. तेव्हांपासून हिमालयांतील नद्यांपासून कावेरीपर्यंत छावण्या पडूं लागल्या. आपण याला विलासी लोकांचा छंद म्हणून हंसूं. परंतु त्याच वर्षीं, १८७३ मध्येंच, डॉ. फ्रान्सिस डे यांनीं हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्याच्या मत्स्यव्यवसायाविषयींचा आपला अहवाल दिला, आणि त्यांतून निराळेंच चित्र दिसलें. बारीक विणीचीं जाळीं, ओढ्यांना आडवे लावलेले सांपळे, डोहांत कालविलेलीं विषारी मुळें व फळें यांनीं पिल्लांचा सरसकट संहार चालला होता. पुढें सुरुंगाची दारू सुलभ झाली आणि तिचा स्फोट पाण्यांतहि होऊं लागला. एका बारानें डोहांतले लहानमोठे सर्व जीव पोट वर करून तरंगतात; त्यांतले धरले जातात थोडे, आणि उरलेले बुडून कुजतात. १८९७ चा मत्स्यकायदा झाला तो मुख्यतः हा स्फोट आणि हें विष बंद करण्याकरितां. कायदा झाला, परंतु सुरुंगाचा आवाज दुर्गम खोऱ्यांतून पुढेंहि ऐकूं येत राहिला.

गळवाल्या लोकांच्या कथांत कावेरीचें स्थान सर्वांहून वरचें होतें. १९१९ मध्यें मेजर रिव्हेट-कार्नॅक यांनीं तेथें ११९ पौंडांचा महाशीर काढला. १९४६ मध्यें म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यांतील, म्हणजे मेलेल्या श्वापदांना पेंढा भरून जिवंतपणाचा आभास देणाऱ्या त्या प्रसिद्ध घराण्यांतील, एका गृहस्थांनीं कावेरीची उपनदी कबिनी हिच्यांत १२० पौंडांचा मासा धरला. एका धडधाकट तरुणाइतकें हें वजन झालें. या माशाच्या डोक्यामागें पाठीला स्पष्ट उंचवटा असे आणि पर नारिंगी असत. कांठावर तो मोजला गेला, त्याचें छायाचित्र निघालें. परंतु हा नेमका कोणत्या जातीचा, हा प्रश्न शेवटास नेण्याइतकी निकड कोणाला वाटली नाहीं. महाशीर तो महाशीर, असा सर्वांचा समज होता.

इकडे नद्यांचेंच रूप पालटत होतें. पुण्याला पाणी मिळावें म्हणून मुठेवर खडकवासल्याचें धरण १८७९ च्या सुमारास पुरें झालें. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून टाटांच्या कंपन्यांनीं सह्याद्रीच्या माथ्यावर, इंद्रायणी आणि मुळा यांच्या खोऱ्यांत, लोणावळें, वळवण, ठोकरवाडी, मुळशी अशीं सरोवरें १९१० ते १९२७ च्या दरम्यान बांधलीं. मुळशीच्या मावळ्यांनीं आपल्या जमिनींसाठीं १९२१ मध्यें सत्याग्रह आरंभिला, सेनापति बापटांनीं त्याचें नेतृत्व केलें, आणि तो लढा आपल्या इतिहासांत अमर झाला. परंतु त्याच भिंतीनें आणखी एका रहिवाशाची वाट बंद झाली, आणि त्याला सत्याग्रह करतां येत नव्हता. ज्या नदींतून खुद्रीला नांव मिळालें, तिच्या दोन्ही शाखांवर अशा भिंती उभ्या राहिल्या. पावसाळ्यांत वर चढणारा मासा भिंतीच्या पायथ्याशीं येऊन थबके. दक्षिणेंत कृष्णराजसागर आणि १९३४ मध्यें पुरें झालेलें मेट्टूरचें धरण यांनीं कावेरीचेहि तुकडे केले. धरणें बांधावयास नको होतीं असें मी म्हणत नाहीं. त्या पाण्यावर आणि त्या विजेवर आपलीं शहरें उभीं आहेत. परंतु हिशेब मांडतांना ही बाजू वहींत लिहिलीच गेली नाहीं, एवढें सांगितलें पाहिजे.

आणि आतां या कथेचें एक विलक्षण वळण येतें. ज्या सरोवरांनीं वाट अडविली, त्यांतल्याच एका सरोवराच्या कांठीं महाशीराला वांचविण्याचा पहिला मोठा उद्योग सुरू झाला. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनीं दख्खनच्या महाशीराची वीण, अंडीं आणि पिल्लांची वाढ यांचा अभ्यास १९७० च्या सुमारास केला, आणि टाटांच्या वीज-कंपनीच्या आश्रयाखालीं लोणावळ्याजवळ वळवण येथें त्याचें बीजोत्पादन केंद्र उभें राहिलें. तेथें त्यांचे सहकारी श्री. ओगले यांनीं तें काम पुढें वर्षानुवर्षें चालविलें.

तेथील रीत सांगण्यासारखी आहे. पावसाळ्यांत सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांच्या मुखाशीं पक्व मासे जमतात. मादी हळूच हातांत धरून पोटावरून अंगठा फिरविला कीं सोन्याच्या मण्यांसारखीं पिवळसर अंडीं भांड्यांत ओघळतात. त्यांवर नराचें वीर्य घालून तें मिश्रण पिसानें हलकेंच ढवळावयाचें. मग तीं अंडीं उथळ तबकांत पसरून त्यांवरून स्वच्छ पाण्याची धार अखंड चालू ठेवावयाची, म्हणजे अंड्यांना ओढ्यांतल्यासारखें वाटावें. तीन-चार दिवसांनीं पिल्लें बाहेर पडतात, आणि उजेड टाळून तबकाच्या कोपऱ्यांत डोकीं खुपसून गोळा होऊन बसतात. पोटाखालची बलकाची शिदोरी संपेपर्यंत त्यांना दुसरें कांहीं नको असतें.

या अभ्यासांत एक मोठी उपयुक्त गोष्ट कळली. महाशीराचें अंडें पाण्यांत बुडवून न ठेवतां ओल्या कापसांत गुंडाळलें तरी कांहीं काळ जिवंत राहतें. म्हणजे पाण्याचीं जड पिंपें न वाहतां, एका लहानशा पेटींतून, विमानानें, हजारों अंडीं दूर देशीं पाठवितां येतात. कुलकर्णी आणि ओगले यांनीं १९७९ मध्यें ही युक्ति शास्त्रीय पत्रांत प्रसिद्ध केली. मग काय विचारतां ! जेथें जेथें महाशीर कमी झाल्याची तक्रार होती, तेथून मागणी येऊं लागली. लोणावळ्याचीं अंडीं आणि बोटभर लांबीचीं पिल्लें निरनिराळ्या प्रांतांत गेलीं. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तीं कावेरींतहि गेलीं. त्या काळच्या कोणाहि जाणत्या मनुष्यानें या उपक्रमाला धन्यवादच दिले असते. हेतु निर्मळ, परिश्रम खरे, आणि यश डोळ्यांनीं दिसणारें. मीहि त्या वेळीं असतों तर टाळ्याच वाजविल्या असत्या.

कावेरीच्या कांठीं, मेट्टूरच्या वर, गलिबोरे वगैरे ठिकाणीं मासा धरून तो मोजून पुन्हां पाण्यांत सोडणाऱ्या हौशी लोकांच्या छावण्या होत्या. हे लोक नोंदवही ठेवीत : कोणता मासा, किती वजनाचा, किती तासांच्या खटपटीनें. १९९८ पासून २०१२ पर्यंतच्या त्या वह्यांत सहा हजारांहून अधिक महाशीरांची नोंद आहे. वह्या भरल्या जात होत्या, परंतु त्या एकत्र मांडून कोणी वाचल्या नव्हत्या. शास्त्रज्ञांनीं त्या वाचल्या, आणि २०१५ मध्यें त्यांचा निष्कर्ष बाहेर आला.

एकूण महाशीर वाढले होते. केवळ बेरीज पाहणाऱ्यानें आनंदच मानला असता. परंतु बेरजेच्या पोटांत दोन निराळ्या रकमा होत्या. निळसर परांचा मासा, म्हणजे लोणावळ्याहून आलेला आपला खुद्री, वर्षागणिक वाढत होता. नारिंगी परांचा, पाठीवर उंचवटा असलेला, कावेरीचा स्वतःचा मासा वर्षागणिक घटत होता. आणि याहूनहि गंभीर गोष्ट म्हणजे तो जो क्वचित् गळाला लागे, तो पूर्वींपेक्षां मोठा असे. याचा अर्थ उघड आहे. एखाद्या गांवांत केवळ वृद्ध माणसें भेटूं लागलीं आणि अंगणांत मूल दिसेना, तर त्या गांवाचें भवितव्य काय तें निराळें सांगावें लागत नाहीं. म्हातारे मासे उरले होते. पिल्लें येत नव्हतीं.

या ऱ्हासाचा सर्व दोष खुद्रीच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. धरणें, सुरुंग, वाळूचा उपसा, आटणारे प्रवाह हीं कारणें होतींच. परंतु आधींच खचलेल्या घरांत एक धट्टाकट्टा पाहुणा आणून बसविला गेला. तो नव्या परिस्थितीशीं जुळवून घेणारा, आणि अन्न तेंच खाणारा. पाहुणा शत्रु म्हणून आला नव्हता. त्याला आपण नेलें. आणि नेतांना आपली समजूत अशी कीं, महाशीराच्या नदींत आपण महाशीरच सोडीत आहों.

येथें ती रिकामी राहिलेली ओळ आठवावी. कावेरीचा हा राक्षसी मासा शंभराहून अधिक वर्षें जगभर प्रसिद्ध होता, परंतु त्याला शास्त्रांत निश्चित नांव नव्हतें. घोड नदीच्या ज्या माशाला साइक्सनें 'मुसुल्ला' म्हटलें, त्याचेंच नांव कित्येकांनीं याला चिकटविलें, आणि त्या घोटाळ्यांत आणखी वर्षें गेलीं. २०११ मध्यें केरळांतील पांबार नदींत, जी पुढें कावेरीच्याच खोऱ्याला मिळते, कांहीं लहान आकाराचे महाशीर सांपडले. मत्स्यशास्त्रज्ञ रेमा देवी यांच्या गौरवार्थ त्यांना 'टोर रेमादेवी' असें नांव देण्यांत आलें. कावेरीच्या खोऱ्यांतल्या मोयार नदींत मूळ मासा अजून तग धरून आहे असें कळल्यावर तेथील नमुने तपासले गेले. तेव्हां २०१८ मध्यें ठरलें कीं, पांबारचा तो लहान मासा आणि कावेरीचा तो महाकाय मासा हे एकाच जातीचे. त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें त्याची गणना अतिशय संकटग्रस्त, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदीं उंबरठ्यावरील, प्राण्यांत केली. नांव मिळालें तें आजारपणाच्या खाटेवर. आणि त्याच २०१८ मध्यें आपल्या खुद्रीचें नांव त्याच संघानें संकटग्रस्तांच्या यादींतून काढून निर्धास्तांच्या यादींत घातलें. एक भाऊ वांचला आणि दुसऱ्याच्या घराला कुलूप लागण्याची पाळी आली.

या इतिहासांतून मला जें दिसतें तें असें. लोणावळ्याच्या लोकांनीं पाप केलें असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. त्यांच्या काळीं कोणालाच भेद ठाऊक नव्हता. परंतु भेद ठाऊक नसणें हीच तर मूळ उणीव होती, आणि ती एका संस्थेची नव्हे, सर्वांची होती. सोमेश्वरानें माशांचे स्वभाव विचारले. साइक्सनें त्यांचीं नांवें विचारलीं. गळवाल्यांनीं वजन विचारलें. आपण संख्या विचारली. 'तूं कोणत्या नदीचा ?' हा साधा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. नवीन सुनेला आपण प्रथम माहेरचें गांव विचारतों. नदींत पाहुणा आणून सोडतांना मात्र आपण तेवढीहि चौकशी केली नाहीं.

आतां उपाय काय, असें आपण विचाराल. मोयारसारख्या ज्या थोड्या प्रवाहांत कावेरीचा मासा टिकून आहे, तेथें त्याच्या पाण्याला, वाळूला आणि कांठच्या झाडांना हात न लावणें हा पहिला उपाय. पिल्लें वाढवावयाचीं तर त्याच नदीच्या आईबापांचीं वाढवून त्याच नदींत सोडावीं, हा दुसरा. आणि वैतरणेच्या किंवा काळ नदीच्या कांठीं ज्या अडाणी समजल्या गेलेल्या लोकांनीं डोहासकट मासा राखला, त्यांच्यापासून कांहीं शिकावें, हा तिसरा.

राहतां राहिली आपली मुळा-मुठा. खुद्री आज अनेक नद्यांत सुखानें नांदतो आहे. ज्या पाण्यानें त्याला नांव दिलें, त्या पाण्यांत त्यानें काय म्हणून राहावें, असा प्रश्न मात्र उरतो. कोणी उत्साही मंडळी एखाद्या पावसाळ्यांत संगमावर पेटी उघडून हजारों पिल्लें सोडतील, छायाचित्रें निघतील, भाषणें होतील. आणि तीं पिल्लें त्या पाण्यांत आठवडाभरहि टिकणार नाहींत. महाशीराला बीज कमी पडलेलें नाहीं. त्याला नदी कमी पडली आहे. साइक्स ज्या कांठीं उभा राहून मराठी माणसाला माशाचें नांव विचारीत होता, त्या कांठीं उभें राहून तोच प्रश्न आज कोणी विचारला, तर उत्तर देणारा मनुष्य कदाचित् भेटेलहि. परंतु बोट दाखवावयास पाण्यांत मासा असेल, अशी नदी आपण पुढच्या पिढीच्या हातीं देणार आहों कीं नाहीं, याचा विचार पुणेंकरांनीं तरी करावा.